ऑपरेशनला पाच आठवडे उरलेत, हिमोग्लोबिन ८.१. रक्त न चढवता भागेल का?

नमस्कार. ताईसाठी विचारतेय. वय ४४, वजन ५८ किलो. फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या गाठींमुळे) पाळीत अतोनात रक्त जातं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, फक्त ६. गर्भाशय काढायचं ठरलंय. सर्जन म्हणाले, "आदल्या दिवशी दोन पिशव्या चढवू, काळजी नको."

काळजी वेगळीच आहे. दुसऱ्या बाळंतपणात तिला रक्त दिलं होतं, आणि आता तिच्या रक्तात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्यात. मागच्या महिन्यात क्रॉसमॅचला (रक्त जुळतं का ते बघायला) चार पिशव्या लावल्या, जुळली एकच.

लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू होत्या, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. परवा तिचं कपाट आवरताना साड्यांखाली पाच स्ट्रिपा निघाल्या, प्रत्येकीतल्या दोन-तीनच गोळ्या फोडलेल्या. पोटात ढवळायचं, संडासला काळी व्हायची, घाबरून बंद केल्या म्हणे. मी आधी चिडले, मग वाईट वाटलं. लोहाने काळी होतेच, एवढं तरी कुणी सांगायचं ना! शिवाय एका गोळीनंतर हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन) वाढतं आणि पुढच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून दिवसाआड एक घेतली तरी चालते, हे मला आत्ता कळतंय.

पण एकीकडे रक्त जातंय आणि हातात पाचच आठवडे. गोळ्यांनी कितीसं होणार? शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध देतात, एका वेळी जास्तीत जास्त १००० मिग्रॅ. तिच्या वजनाला आणि हिमोग्लोबिनला एकूण १५०० मिग्रॅ, म्हणजे दोन वेळा. कुणी घेतलंय का? आकडा किती दिवसांत हलला? नंतर फॉस्फेट उतरल्याने थकवा आला का?

पाळीत रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्सामिक ॲसिड चालू आहे, थोडा फरक आहे. ऑपरेशनपर्यंत हार्मोनने पाळीच थांबवून ठेवली, असं कुणाचं झालंय का?

एक पिशवी साधारण १ ग्रॅमने आकडा वाढवते. रुग्ण स्थिर असेल तर ७ च्या खाली गेल्यावरच रक्त द्यायचं, हृदयविकार असेल तर ८, असा आता प्रघात आहे. मग ८.१ ला आधीच दोन पिशव्या कशाला? द्यायचीच वेळ आली तर एक देऊन पुन्हा तपासावं, हे सर्जनना कसं सांगू? शिकवायला आलीये असं वाटायला नको. टेबलावर जोरात रक्त गेलं तर द्यावंच लागेल, म्हणून जुळणाऱ्या पिशव्या राखून ठेवायला सांगणारच आहे.

बुधवारची अपॉइंटमेंट आहे. त्याआधी लिहिलंत तर बरं होईल.