बाई विनोद करते तेव्हा समोरचे कसे हसतात? तुमचे अनुभव सांगा

विनोद करणाऱ्या बायकांकडे प्रेक्षक कसे बघतात, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. मंचावर उभ्या राहणाऱ्यांकडून, लिहिणाऱ्यांकडून, कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडून आणि तिकीट काढून बसणाऱ्यांकडूनही. २००७ साली लेखक-पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांनी 'व्हॅनिटी फेअर' या अमेरिकी मासिकात बायका विनोदी का नसतात यावर लेख लिहिला आणि वाद पेटला. अजूनही चर्चा 'बायकांना विनोद जमतो का' याच प्रश्नाभोवती फिरते. मला वाटतं आपण अर्धाच प्रश्न विचारतोय. विनोद पुरा व्हायला हसणारा लागतो आणि त्या हसणाऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सुरुवात मी करते. मी प्रहसनं लिहिते. बाईच्या तोंडचं हमखास हशाचं वाक्य पुरुष पात्राला देऊ या, अशी सूचना तालमीत कुणीतरी करतंच. कारण काय, तर 'तिच्या तोंडी ते बोचतं'. उलट दिशेची सूचना मला आजवर कुणी केलेली नाही.

घडलेलं सांगा. माणसांची, संस्थांची नावं मात्र नकोत.

स्टँडअप करणारी

माझा सगळा झगडा पहिल्या मिनिटाचा आहे. आधीचा पुरुष कलाकार उतरतो तेव्हा लोक रेलून बसलेले असतात. सूत्रसंचालक म्हणतो, 'आणि आता येतेय आपली लेडी कॉमेडियन!' की पुढच्या रांगेतले लोक हाताची घडी घालतात. ती वाईट माणसं नसतात. ही आता नवऱ्यावर बोलणार, पाळीवर बोलणार की सगळ्या पुरुषजातीवर, आणि आपल्याला किती ऐकून घ्यावं लागणार, याचा अंदाज घेत असतात.

म्हणून माझा पहिला विनोद लहान असतो. लांबलचक उभारणी मला सुरुवातीला परवडत नाही. पुरुष सहकाऱ्याला लोक आपणहून वेळ देतात, हा कुठेतरी नेतोय असं धरून चालतात. मला तेवढा धीर पहिला हशा पडल्यावर मिळतो. याचा परिणाम माझ्या लिखाणावर झाला आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. मला सुचतात ते संथ, आडवळणाचे किस्से. तेच माझे सगळ्यात चांगले, आणि तेच मी कायम शेवटाकडे ढकलते. एखादी बाई 'धडाधड पंच मारते' असं कौतुक ऐकलं की विचार येतो, ही तिची शैली की तिच्यावर लादलेली घाई?

आणि पडलेला विनोद. त्याचा पडला तर 'आज त्याचा दिवस नव्हता'. माझा पडला तर 'बायकांना हे जमत नाही', आणि माझ्यानंतर त्या मंचावर येणारीलाही ते भोवतं.

नाटकात काम करणारी

मी विनोदी नाटकांतच वाढले. नायिका होते तेव्हा माझं काम नायकाला वाक्य टाकायचं, लाफ त्याचा. एका प्रयोगात माझ्या पॉझला मोठा हशा आला, तर पुढच्या प्रयोगाआधी निरोप आला की पॉझ काढा, त्याच्या एंट्रीचा जोर जातो. पुढे वय वाढलं, अंग सुटलं, आणि अचानक विनोदी भूमिका माझ्याकडे यायला लागल्या. टायमिंग तेच होतं. दिसणं बदललं होतं.

हे काही माझ्यापुरतं नाही. अमेरिकेत विनोदी कलाकार फिलिस डिलर १९५५मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मंचावर आल्या. त्यांचा बांधा सुरेख होता. तो झाकायला त्या पोत्यासारखे झगे घालत आणि केस पिंजारत, म्हणजे आपल्या शरीरावर केलेले विनोद लोकांना पटावेत. त्यांच्या आधीच्या मॉम्स मॅबली यांनी तर तरुण असतानाच म्हातारीचं सोंग घेतलं. घरातला झगा, ढगळ टोपी. त्या सोंगाआडून त्या वाटेल ते बोलू शकत होत्या. आपल्याकडे उमादेवी १९४७च्या सुमारास पार्श्वगायिका म्हणून गाजल्या, पुढे पडद्यावर टुनटुन झाल्या आणि त्यांचा देह हाच विनोद ठरला. या तिघींच्या कसबाबद्दल मला नितांत आदर आहे. पण देखण्या, तरुण बाईकडे बघताना लोकांना एकाच वेळी हसता येत नाही का? माझा अनुभव असा की येतं, फक्त तिला ती संधी द्यायला कुणी धजत नाही.

प्रेक्षक

मी बाजूच्या खुर्च्यांवर बसते, तिथून बाकीचे प्रेक्षक दिसतात. जोडपी बघा. मंचावरची बाई संसारावर काही खरपूस बोलली की बायको आधी नवऱ्याकडे बघते. तो हसला तर ती मोकळी होते, नाहीतर ओठ मिटून घेते. पुरुष कलाकाराने बायकोवर विनोद केला तर तो आधी हसतो आणि मग तिला कोपराने ढोसतो. मैत्रिणींबरोबर आलेल्या बायका मात्र वेगळ्याच हसतात, खुर्चीत वाकून, डोळे पुसत. कलाकार तीच, संहिता तीच.

अभ्यास वाचणारा

वरचं वाचून हसण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आठवले. त्यांनी रोजच्या गप्पांमधले सुमारे १२०० हशे टिपले होते. बोलणारी बाई आणि ऐकणारा पुरुष असेल, तर ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारीच दुपटीहून जास्त हसत होती. म्हणजे बायकांच्या बोलण्याला पुरुषांनी हसायची सवयच कमी.

एक अडचणीचं संशोधनही सांगतो, ते लपवू नये. २०१९मध्ये २८ अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. लिहिणारा कोण हे परीक्षकांना माहीत नसतानाही पुरुषांच्या विनोदांना सरासरी थोडे जास्त गुण पडले. फरक फार मोठा नाही, दोन्ही गट बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि ज्याला लहानपणापासून हशा मिळतो तो जास्त सराव करतो हेही आहेच. पण मंचावर नावं झाकलेली नसतात. २०१२ साली छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात व्यंगचित्रांखालच्या ओळी लिहून घेतल्या होत्या. पुरुषांना पाचपैकी जेमतेम ०.११ गुण जास्त मिळाले, आणि ते वाढवण्यात पुरुष परीक्षकांचा हात मोठा होता. नंतर कुठली ओळ कुणाची हे आठवायला सांगितलं, तर चांगल्या ओळी पुरुषांच्या नावावर टाकायची चूक जास्त झाली. मला हा निष्कर्ष सगळ्यात गंभीर वाटतो. आपण हसतो आणि मग कुणी हसवलं तेच चुकीचं लक्षात ठेवतो.

कचेरीत काम करणारी

मंच नाही, बैठकांची खोली. माझ्या वरिष्ठांनी सादरीकरणात दोन कोट्या केल्या की 'सरांनी वातावरण हलकं केलं'. मी केल्या की 'मॅडम, मुद्द्यावर येऊ या'. २०१९च्या एका प्रयोगात दुकानाच्या व्यवस्थापकाचं एकच भाषण पुरुषाकडून आणि बाईकडून करून घेतलं होतं, विनोदासह आणि विनोदाशिवाय. विनोदाने पुरुषाचा मान वाढला, बाईचा घटला. वाचून मला बरं वाटलं, निदान हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

मतभेद नोंदवणारी, स्टँडअपच

मला हाताच्या घड्या फारशा दिसत नाहीत. माझे बरेच प्रेक्षक बायका आहेत, त्या माझ्यासाठीच येतात. माझी तक्रार उलटी आहे. मी काही ठाम बोलले की टाळ्या पडतात. कडकडून. पण टाळी म्हणजे पाठिंबा, हसू म्हणजे विनोद लागला. पाठिंब्याच्या टाळ्यांवर अख्खा सेट, म्हणजे माझं पूर्ण सादरीकरण, निघून जातो आणि माझा विनोद कच्चा राहिला हे मला कळतच नाही. बायकांना प्रोत्साहन द्यायला येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, नाही हसू आलं तर गप्प बसा. मला ती शांतता हवी आहे, तिच्यातूनच मी ओळ दुरुस्त करते.

ओपन माइक भरवणारा

ओपन माइकवर, म्हणजे कुणालाही येऊन सादर करता येतं त्या कार्यक्रमात, आम्ही दोन गोष्टी बदलल्या. 'लेडी कॉमेडियन' म्हणून ओळख करून देणं बंद, नुसतं नाव. आणि एका कार्यक्रमात एकच बाई, हा अलिखित नियम मोडला. एकटी असली की लोक तिला सगळ्या बायकांच्या वतीने ऐकतात. तिघी असल्या की एक भोळी, एक तिखट, एक विक्षिप्त अशी तीन वेगळी माणसं दिसतात आणि तुलना त्यांच्या विनोदांची होते. मध्ये ओरडणारे थांबले का? नाही. बाईच्या वेळी ते कपड्यांवर, दिसण्यावरच ओरडतात. आता पहिल्याच वेळी मी स्वतः जाऊन सांगतो, उत्तर द्यायचं काम तिच्यावर टाकत नाही.

ध्वनी सांभाळणारा

कुणी न बोललेली गोष्ट सांगतो. 'बायकांचा आवाज चिरका लागतो' ही तक्रार मी कार्यक्रमानंतर नेहमी ऐकतो. बऱ्याचदा त्यात आमचाही हात असतो. मिक्सर आधीच्या पुरुषाच्या आवाजावर लावलेला असतो आणि तसाच राहतो. तिने आवाज चढवला, आणि पंचच्या वेळी तो चढतोच, की वरचे सूर कानाला टोचतात. माइकचा स्टँडही उंच असतो, पहिले काही क्षण तो खाली करण्यात जातात. वर एकीने पहिल्या मिनिटाबद्दल लिहिलंय, त्यातला थोडा वेळ आम्हीच खातो. आता मी प्रत्येक कलाकाराकडून दोन ओळी आधी म्हणून घेतो, एक गप्पांच्या आवाजात, एक ओरडून. सेटिंग नावानिशी साठवून ठेवतो आणि प्रवेशाआधी स्टँडची उंची बदलतो. तुमच्याकडचे ध्वनीवाले हे करत नसतील तर तालमीच्या वेळी मागून घ्या.