ऑफ-ग्रिड घर, विहिरीचं पाणी: आरओ घ्यावा का?

सड्यावरचं घर
नमस्कार. राजापूर तालुक्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) आमचं घर आहे, वाडीपासून लांब. वीज आलेली नाही. ३३५ वॅटची ४ पॅनल, १५० एएचच्या २ बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, यावरच सगळं चालतं. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंत साधारण १० मीटर चढ. १ एचपीचा पंप लावला की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. पावसाच्या सुरुवातीला सासूबाईंना जुलाबाने आडवं केलं, सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून पिण्याचं पाणी इंडक्शनवर उकळते आणि रात्री नऊलाच बॅटरी लाल दिवा दाखवते. दुकानदार म्हणतो आरओ-यूव्ही (पडद्यातून गाळून वर अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं मशीन) घ्या, वर आणखी २ बॅटऱ्या. घेऊ का?

कुडाळकर
ताई, बॅटऱ्या मुळीच घेऊ नका. मी सहा वर्षं असाच राहतोय, म्हणून कळकळीने सांगतो.

हिशेब बघा. हजार लिटर पाणी १० मीटर चढवायला २७ वॅट-तास लागतात. पंपात, पाइपात जाणारं धरून १०० म्हणा. आणि एक लिटर पाणी उकळायला? जवळजवळ ९०! म्हणजे तुमच्या एका तांब्याच्या उकळीत अख्खी टाकी भरते. बॅटरी खातोय तो इंडक्शन.

पंपाचं दुखणं वेगळं. साधी मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तिथे इन्व्हर्टर मान टाकतो. अर्ध्या एचपीचा डीसी पंप घ्या आणि कंट्रोलर लावून थेट दोन पॅनलवर जोडा. मध्ये बॅटरी नको, इन्व्हर्टर नको. ढग आला की पंप मंदावतो, ऊन आलं की पुन्हा जोर धरतो. टाकीत फ्लोट स्विच टाका, टाकी भरली की पंप बंद करणारा. दिवसा टाकी भरली की तीच तुमची बॅटरी.

आरओचं म्हणाल तर आधी टीडीएस मोजा (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते). आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकंच असतं. ५०० च्या आत असेल तर आरओ कशाला? मी घेतला होता. एक लिटर गाळायला अडीच-तीन लिटर मोरीत जायचं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला, त्या दिवशी मशीन काढून ठेवलं. आता टाकीखाली यूएफ फिल्टर (अतिबारीक छिद्रांच्या पडद्याचा) आहे. टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच, तेवढ्या दाबावर चालतो, वीज शून्य. आठवड्यातून एकदा उलटं पाणी सोडून धुतो. पावसात पहिली धार चहासारखी निघते.

आरोग्यसेविका (निवृत्त)
कुडाळकरांचं बरोबर आहे, पण यूएफवर थांबू नका. जंतू अडतात, विषाणूंची खात्री नाही. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. कपभर पाण्यात कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पावडरचा डबा घट्ट बंद ठेवा. पावसाळी हवेत तिचा जोर जातो. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गढुळात क्लोरीन वाया जातं. यूव्हीलाही हेच लागू.

सासूबाईंची काळजी आहे तर एचटूएस बाटलीही (पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का ते दाखवणारी) लावा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, घरातच ठेवायची. एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी पिऊ नका.

सड्यावरचं घर
टीडीएस ७४ आला! आरओ रद्द. डीसी पंप आणि यूएफ गेल्या शनिवारी बसवला, बॅटऱ्या होत्या तेवढ्याच. दोन बाटल्या खिडकीत ठेवल्या होत्या. विहिरीची दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी. नळाची आज तिसऱ्या दिवशीही पिवळसरच आहे. सासूबाई दोन्हीकडे बराच वेळ बघत बसल्या, मग स्वतः उठून नळाखाली तांब्या धरला.