आधी पंख्याचा क्लच तपासा

ट्रेलर ओढताना इंजिन तापत असेल तर मोठा रेडिएटर बसवा, हा सल्ला चुकीचा नाही, पण तो शेवटचा खर्च. पंखा इंजिनवरच फिरणारा असेल तर आधी त्याचा व्हिस्कस क्लच (तापलं की आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर पंख्याला इंजिनसोबत फिरवणारा भाग) बघा. माझ्या पिकअपचा तापमानाचा काटा रिकाम्या गाडीत जागचा हलायचा नाही. ट्रेलर जोडून चढ लागला की लाल रेघेकडे सरकायचा. इंजिन गरम असतानाच बंद करून (किल्ली काढून, हं!) पंखा हाताने ढकलला, तर चार-पाच गिरक्या मारल्या पठ्ठ्याने. क्लच धड असेल तर तो जड लागतो, एखाद्या फेरीत थांबतो. माझ्या क्लचमधलं सिलिकॉन तेल गळलेलं, तोंडावर काळपट चिकट थर.

कमी तापमानाचा थर्मोस्टॅट (गरम पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) टाका असंही सुचवतात, ते मात्र पटलं नाही. तो लवकर उघडतो इतकंच. पूर्ण उघडल्यावर रेडिएटरची ताकद तेवढीच.