काउरी या हनीपॉटवर (घुसखोरांना भुलवायला मांडलेल्या नकली सर्व्हरवर) तीन दिवसांत चौदा हजार लॉगिन. आता ऑफिसच्या लॅनमध्ये (आतल्या नेटवर्कमध्ये) हनीपॉट लावू का?

शाखा_नेटवर्क: नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेचं नेटवर्क बघतो. मुख्य कार्यालय, सहा शाखा, माणूस मी एकटा. गेल्या शुक्रवारी भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर काउरी चढवलं. खरं एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) दुसऱ्या पोर्टवर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या दारावर, हलवून २२ वर येणारं सगळं २२२२ कडे आणि टेलनेटचं (तशाच जुन्या, असुरक्षित सोयीचं) २३ वरचं २२२३ कडे वळवलं. चहा घेऊन जागेवर येतोय तोवर पहिला पाहुणा येऊन गेलेला. सोमवारी सकाळी मोजले तर चौदा हजार. बहुतेक ‘रूट’ नावाने, आणि ‘एक्ससी३५११’ हा एक विचित्र पासवर्ड पुन्हा पुन्हा. कोणी आमच्या मागावर आहे का? आणि हेच ऑफिसच्या लॅनमध्ये ठेवून राउटरवरून पोर्ट उघडलं तर चालेल का? संचालक मंडळापुढे पुरावा ठेवायचा आहे.

पोर्ट_२३: मागावर कोणी नाही. ‘एक्ससी३५११’ हा स्वस्त डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रांत) कारखान्यातूनच टाकलेला पासवर्ड. २०१६ च्या मिराय या मालवेअरच्या, नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांच्या यादीत तो होता. मिरायचा कोड त्याच वर्षी उघड झाला आणि त्याची पिल्लं अजून फिरतायत.

रात्रपाळी: दादा, राउटरवरून पोर्ट उघडायचा विचार आधी डोक्यातून काढा. हे कळकळीने सांगतोय, कारण मी पोळलोय. काही वर्षांपूर्वी मी काउरीसारखं नकली शेल (आदेश टाइप करायची जागा) न ठेवता खरंखुरं लिनक्स मुद्दाम कच्च्या पासवर्डने उघडं ठेवलं होतं. आत येणाऱ्यावर नजर होती, बाहेर जाणाऱ्यावर बंधन घातलं नव्हतं. रात्री कोणीतरी शिरला आणि माझ्याच यंत्रावरून दुसऱ्यांची दारं ठोठावू लागला. सकाळी होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बंद केला, ते बरोबरच होतं. पण ज्यांची दारं ठोठावली गेली, त्यांना मी काय सांगणार होतो? तेव्हापासून बाहेरची वाट आधी बंद करतो, मग आमिष मांडतो.

तुमच्या बाहेरच्या काउरीत शिकण्यासारखं भरपूर आहे, पण ते आकड्यात शोधू नका. टीटीवायच्या नोंदी (आत शिरलेल्याने काय टाइप केलं त्या) उघडा आणि काउरीच्याच प्लेलॉग या साधनाने परत चालवून बघा. मिरायच्या जातीचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) आला की ‘एनेबल’, ‘सिस्टम’, ‘शेल’, ‘एसएच’ एका दमात टाकतो आणि मग बिझीबॉक्सला (छोट्या यंत्रांतल्या लिनक्स आदेशांच्या संचाला) ‘मिराय’ नावाचा आदेश चालवायला सांगतो. असा आदेश नसतोच. ‘ॲपलेट सापडलं नाही’ हे उत्तर आलं की त्याला कळतं, शेल हाती लागलं. माणूस वेगळा ओळखू येतो. माझ्याकडे एक नोंद आहे: ‘युनेम’ (यंत्राची माहिती देणारा आदेश) लिहिताना अक्षरं उलटी पडली, बॅकस्पेस, पुन्हा लिहिलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग ‘डब्ल्यू’ टाकून आत आणखी कोण आहे ते बघितलं. ती थांबलेली घटका बघताना पलीकडे कोणीतरी खुर्चीत बसलाय हे जाणवतं. काउरी दाखवतं ते यंत्राचं ‘एसव्हीआर०४’ हे मूळ नाव मात्र आजच बदला. जाणकार ते बघूनच परत फिरतो.

आता लॅनचं. तिथे हनीपॉट हवाच, पण इंटरनेटकडे पाठ करून. नील्स प्रोव्होस यांच्या हनीडी या हनीपॉटची कल्पना अशीच होती: एकच यंत्र नेटवर्कमधल्या रिकाम्या आयपींवर हजर होऊन उत्तरं देतं, एक पत्ता विंडोजसारखा, दुसरा राउटरसारखा. एनमॅप (नेटवर्क चाचपून यंत्रं ओळखणारं साधन) फसावा म्हणून एनमॅपच्याच ठशांची फाइल वापरायचं. तुम्हाला एवढंही नको. एक जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्यावर ओपनकॅनरी हा हनीपॉट, नाव द्या ‘बॅकअप-जुना’, आणि इशारा थेट तुमच्या मोबाइलवर. त्या पत्त्यावर कोणाचंच काम नाही, म्हणून तिथली एक टकटक बाहेरच्या चौदा हजारांपेक्षा मोलाची.

१९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांनी हिशोबातल्या ७५ सेंटच्या फरकावरून घुसखोराचा माग काढला. तो जास्त वेळ लाइनवर राहावा म्हणून संरक्षण प्रकल्पाच्या खोट्या फाइली रचल्या. तो वाचत बसला आणि माग जर्मनीत हॅनोव्हरपर्यंत गेला. संचालक मंडळाला चौदा हजार दाखवू नका, हे ७५ सेंट सांगा.

शाखा_नेटवर्क: नऊ दिवसांनी लिहितोय. रास्पबेरी पाय लावला. आज ११:४० ला इशारा: एका शाखेच्या दोन नंबर काउंटरच्या पीसीवरून ‘बॅकअप-जुना’च्या २२, ८०, ४४५ आणि ३३८९ या पोर्टवर पाठोपाठ टकटक. काउंटरच्या ताईंना विचारलं, त्या तेव्हा पासबुकं छापत होत्या. हात थरथरतायत. पीसी बंद करू?

रात्रपाळी: बंद करू नका, मेमरीतलं सगळं जाईल. फक्त नेटवर्कची केबल काढा आणि ताईंना दुसऱ्या काउंटरवर बसवा. नवा प्रिंटर किंवा स्कॅनरचं सॉफ्टवेअर हल्ली टाकलंय का ते विचारा, तीही पोर्ट चाचपतात. तसं काही नसेल तर मेमरीची प्रत घ्या, फायरवॉलच्या नोंदी आजच बाजूला काढा, बाकीच्या पाच शाखांतून तोच नमुना दिसतो का बघा. आणि ११:४० ही वेळ कागदावर लिहून ठेवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. मी रात्रभर इथे आहे.