‘द लिटल स्ट्रेंजर’: हंड्रेड्स हॉलमधलं भूत नेमकं कोणाचं?

(चर्चा. वळचण, निळी शाई, तळटीप आणि पानवारा ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

वळचण
सारा वॉटर्स यांची ही 2009 ची कादंबरी भूतकथा म्हणून सुचवली जाते आणि वाचून झाल्यावर ‘शेवटी काही कळतच नाही’ अशी तक्रार येते. मला ही तक्रार मान्य नाही. गुन्हेगार पहिल्याच प्रकरणात आपल्यासमोर उभा केलेला आहे. (पुढे सगळं रहस्य फोडलं आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

हंड्रेड्स हॉल ही इंग्लंडमधल्या वॉरिकशरमधली मोडकळीला आलेली हवेली, दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ. विधवा मिसेस एअर्स, युद्धात जखमी झालेला मुलगा रॉडरिक, मुलगी कॅरोलाइन. गोष्ट सांगतो डॉ. फॅरेडे. त्याची आई एकेकाळी याच घरात मुलांना सांभाळायला होती. 1919 मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो तिच्यामुळे आत शिरतो आणि भिंतीवरच्या प्लास्टरच्या नक्षीतलं एक ओकचं फळ चाकूने उचकटून खिशात घालतो. घर बिघडवायचं नव्हतं, त्याचा एक तुकडा आपला हवा होता, असं तो स्वतःच सांगतो. सगळी कादंबरी या एका कृतीतून उलगडते.

पुन्हा वाचताना घरातल्या प्रत्येक विचित्र घटनेशेजारी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: फॅरेडे तेव्हा कुठे होता, नुकतंच त्याला काय नाकारलं गेलं, आणि ही घटना त्याला कोणी सांगितली. पार्टीच्या रात्री पाहुण्यांना वाटतं, डॉक्टर आलेत म्हणजे घरात कोणीतरी आजारी असणार. तो अपमान होतो आणि त्याच रात्री पहिला उत्पात. कॅरोलाइन फॅरेडेशी ठरलेलं लग्न मोडते, आणि ज्या दिवशी लग्न व्हायचं होतं त्याच रात्री वरच्या मजल्यावरून पडून मरते.

निळी शाई
तीन रकाने छान, पण पहिलाच रकाना तुमच्या विरुद्ध जातो. रॉडरिकच्या खोलीत दाढीचा आरसा आपण होऊन सरकत त्याच्याकडे येतो, तेव्हा फॅरेडे दिवाणखान्यात सगळ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मग हात कोणाचा? तुम्ही म्हणाल, त्याच्या सुप्त मनाचा. पण ही कल्पना डॉ. सीली या दुसऱ्या पात्राची, गप्पांच्या ओघात मांडलेली. पात्राचा तर्क म्हणजे लेखिकेचा निकाल नव्हे.

आणि शेवटची रात्र नीट वाचा. अपेंडिक्सच्या रुग्णाला इस्पितळात पोचवून परतताना फॅरेडे तळ्याकाठी गाडीतच झोपतो. अर्धवट झोपेत तो धुरासारखा हंड्रेड्सच्या फाटकातून आत जातो. सगळे इथेच थांबून ‘पाहा!’ म्हणतात. पुढचं वाक्य कोणी सांगत नाही: आतला रस्ता त्याला अनोळखी, लांबच लांब वाटतो आणि टोकाला नुसता अंधार असतो. स्वप्नातही तो घरापर्यंत पोचत नाही.

तळटीप
तुम्ही दोघेही घराच्या यंत्रणेकडे पाहत नाही आहात. अशा हवेल्यांत प्रत्येक खोलीतून नोकरांना बोलावायची तार निघते, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या खटक्यांवरून वळत नोकरांच्या बोळापर्यंत जाते. तिथे गुंडाळीच्या स्प्रिंगवर ओळीने घंटा टांगलेल्या असतात. आवाज थांबला तरी घंटा डोलत राहते, म्हणजे कोणत्या खोलीतून बोलावणं आलं ते नजरेने कळतं. कुठे तार ओढली गेली किंवा भिंतीत उंदीर फिरले की घंटा आपोआप हलते.

एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर बोलण्याच्या नळीचंही तसंच. एका टोकाला फुंकलं की दुसऱ्या टोकाची शिट्टी वाजते. बालकक्षाची खिडकी फुटकी असेल तर वारासुद्धा फुंकू शकतो. मिसेस एअर्स नळीला कान लावतात आणि त्यांना श्वास ऐकू येतो. दुःखी आईला त्यात लहानपणीच घटसर्पाने गेलेली मुलगी सूझन ऐकू आली, यात नवल नाही. शिवाय चौदा वर्षांची मोलकरीण बेटी पहिल्या दिवसापासून तिथून पळू पाहत होती. आजारपणाचं सोंग तिने केलंच होतं.

वळचण
बेटीवर संशय हा तर मुद्दाम लावलेला सापळा आहे. वॉटर्स यांनीच सांगितलं आहे की या पुस्तकाची सुरुवात जोसेफिन टे यांच्या 1948 च्या ‘द फ्रँचाइझ अफेअर’ या कादंबरीवर विचार करताना झाली. त्यात जुन्या घरातल्या मायलेकींवर खोटा आळ घेणारी कामगारवर्गातली पोरगी आहे आणि तिचंही नाव बेटी. इथली बेटी मात्र कॅरोलाइनच्या मृत्यूच्या चौकशीत खरं तेच सांगते. नाव तेच ठेवून निकाल फिरवलाय. तिलाच दोषी धरणं म्हणजे टे यांच्या बाजूने परत जाणं.

उंदरांनी घंटा हलेल, हे मान्य. पण पडण्याआधी कॅरोलाइन ‘यू!’ म्हणून ओरडते. माणूस ओळखल्याशिवाय ती असं ओरडेल का? सूझन तर तिच्या जन्माआधीच गेली होती, तिला ती ओळखणार कशी?

पानवारा
घर मरतंय ते पैशाअभावी. वारसाकर चढत होता (1949 मध्ये सर्वात वरचा दर 80 टक्के), जमीन विकून तिथे सरकारी घरं उभी राहत होती. असली कितीतरी घरं त्या दशकांत पाडली गेली. भूत नसतं तरी एअर्स कुटुंब उरलं नसतं.

निळी शाई
कुटुंब मोडलं असतं, हे खरं. पण तिघांवर तीन वेगळ्या तऱ्हेने घाला पडतो, ते करातून निघत नाही.

त्या ‘यू’बद्दल मात्र एक अडचण मांडते. हे मराठीत आणणारा काय लिहील? ‘तू!’ लिहिलं तर भाऊ किंवा बहीण. ‘तुम्ही!’ लिहिलं तर डॉक्टर, रहस्य संपलं. 1948 ची कॅरोलाइन वयाने मोठ्या डॉक्टरला, लग्न ठरलेलं असलं तरी, मराठीत ‘अहो’च म्हणेल. इंग्रजीतला तो शब्द दोन्ही दारं उघडी ठेवतो. माझ्या मते वॉटर्स यांना तेच हवं होतं.

वळचण
मी ‘तुम्ही!’च लिहीन.

तळटीप
नका लिहू. तो शब्द आपण थेट ऐकतच नाही, बेटीच्या साक्षीतून ऐकतो. तिच्याच तोंडी द्या: ‘ओळखीचं कुणी दिसावं तशा बाईसाहेब ओरडल्या.’ सर्वनाम टळतं आणि वाद जागच्या जागी राहतो.