व्हिस्कीची चव नोंदवायची तर 'नीट' (काहीही न मिसळता) की पाणी घालून?

घोटभर_नीट

चवीच्या नोंदींमध्ये एक वाक्य हटकून सापडतं: "दोन थेंब पाणी टाकलं आणि व्हिस्की एकदम खुलली." आधी हिशेब करू. ४६ टक्क्यांची ३० मिली व्हिस्की म्हणजे १३.८ मिली अल्कोहोल. साध्या ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे दोन थेंब ०.१ मिली. ते घातल्यावर टक्केवारी होते ४५.८५. युरोपात लेबलवर छापलेल्या आकड्यालाच ०.३ ची सूट असते. म्हणजे छापील आकड्यापासून जेवढा फरक कायद्याने चालतो, त्याच्या निम्माच इथे झाला. मग खुललं काय? व्हिस्की पाचेक मिनिटं ग्लासात उघडी होती, अल्कोहोलचा पहिला भपका उडून गेला आणि नाक सरावलं. श्रेय मात्र पाण्याला.

माझं म्हणणं सरळ आहे. आर्डबेग १० ही ४६ टक्क्यांना भरतात, लागावुलिन १६ ही ४३ ला, टॅलिस्कर १० ही ४५.८ ला (नावातले १०, १६ हे आकडे पिंपातल्या वर्षांचे). पाणी किती घालायचं ते बाटली भरण्यापूर्वी ठरलेलं आहे. त्यामुळे मत द्यायचं तर बाटलीत आहे त्याच व्हिस्कीवर द्या. पाणी घालून प्या, खुशाल प्या, पण नोंद नीटचीच हवी.

मोजून_मापून

थेंबांच्या हिशेबाला शंभर टक्के अनुमोदन. पण "ठरलेलं आहे" म्हणजे चवीसाठी ठरलेलं आहे, हे कुठून आलं? लफ्रॉइग १० ब्रिटनमध्ये ४० टक्क्यांना मिळते, अमेरिकेत ४३ ला. आयला या स्कॉटिश बेटावरच्या व्हिस्कीचा तोच धुराचा वास, तेच नाव. चवीचा एकच अचूक बिंदू असता तर देशागणिक बदलला नसता. ४० हा स्कॉचचा कायदेशीर किमान आकडा आहे, आणि टक्केवारी जितकी कमी तितक्या त्याच बॅरलमधून जास्त बाटल्या निघतात. यात चव कितवी आली, बघा तुम्हीच.

दुसरं, नीट पिताना जी आग होते ती चव नव्हे. उष्णतेची जाणीव देणारा एक संवेदक (रिसेप्टर) तोंडात असतो, तो एरवी ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलमुळे ती पातळी ३४ पर्यंत खाली येते. तोंडाचं तापमान त्याहून जास्तच, म्हणून व्हिस्की थंड असूनही भाजते. ग्लेनफारक्लास १०५ घ्या, ६० टक्के (इथे नावातला आकडा वर्षांचा नाही). नीटच्या पहिल्या घोटात त्यातली शेरी वाइनच्या पिंपाची चव कमी आणि ही आगच जास्त नोंदली जाते. लिहिणारा लिहितो "मसालेदार"!

बाटलीचं पाणी ठरवणारे ब्लेंडर, म्हणजे पिंपापिंपांतली व्हिस्की मिसळून चव जुळवणारे तज्ज्ञ, स्वतः काय करतात? नमुना साधारण २० टक्क्यांवर आणून हुंगतात. ६० टक्क्यांच्या ३० मिलीत त्यासाठी ६० मिली पाणी लागतं.

मेणचट

ब्लेंडरचं उदाहरण इथे चालणार नाही. २० टक्क्यांवर हुंगणं हे मुख्यतः दोष पकडायला आणि अनेक नमुने एका रांगेत तपासायला असतं. गंधक, ओलसर पुठ्ठ्यासारखा वास, डिस्टिलेशनच्या शेवटच्या भागातला कुबट वास असं सगळं त्यात उघडं पडतं. नाकही थकत नाही. पण ते नाकाचं काम आहे, तोंडाचं नाही. क्लायनेलिश १४ ची सगळी ओळख तिच्या मेणचट, तेलकट स्पर्शात आहे. तिला ४६ वरून ३५ वर आणा, म्हणजे ३० मिलीत साडेनऊ मिली पाणी. मग सफरचंद आणि लिंबाची साल नाकाला कदाचित जास्त स्पष्ट लागेल, पण जिभेवर जे पसरायला हवं ते पातळ झालेलं असेल. अशी नोंद वाचून कोणी क्लायनेलिश ओळखून दाखवावी.

आणि पाण्याने वास नेहमी वाढतोच असं नाही. इथाइल लॉरेट, इथाइल पामिटेट यांसारखे लांब साखळीचे एस्टर (व्हिस्कीतली एक प्रकारची संयुगं) पाण्यात नीट विरघळत नाहीत. टक्केवारी उतरली की ते एकमेकांना चिकटून बारीक पुंजके करतात आणि काही सुगंधी रेणू त्या पुंजक्यांतच अडकून पडतात. चिल-फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत पाणी घातल्यावर ती किंचित धुरकट दिसते, ती याच मंडळींमुळे. जुन्या शेरी पिंपातल्या व्हिस्कीत आणखी एक घात होतो: गोडवा पातळ होतो आणि ओकचं टॅनिन उरतं. मग शेवटाला चहा जास्त उकळल्यासारखा कडवट तुरटपणा. तो व्हिस्कीचा दोष म्हणून लिहिला जातो, असतो पाण्याचा.

ग्वायाकॉल

या वादात स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास हमखास पुढे केला जातो, म्हणून आधीच सांगतो. धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा रेणू पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात कुठे राहतो, हे त्यांनी संगणकावर पाहिलं. ४५ टक्क्यांपर्यंत तो पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या बाजूला. ५९ च्या वर इथेनॉलचे रेणू त्याला वेढून आत ठेवतात. एकच रेणू आणि तोही संगणकात, त्यामुळे यावरून "पाण्याने व्हिस्की सुधारते" असा झेंडा फडकवू नये. पण निष्कर्ष वापरण्याजोगा आहे. कास्क स्ट्रेंथ (पिंपातून काढल्यावर पाणी न घातलेली) पीटेड, म्हणजे पीट या दलदलीतल्या जळणाच्या धुराची व्हिस्की ६० वरून ४६ वर आणली (३० मिलीत ९ मिली पाणी), तर धुरात फरक पडायला कारण आहे. ४३ च्या लागावुलिनला हे कारण लागू नाही, ती मुळातच त्या रेषेच्या खाली आहे.

जाता जाता: पीटचे पीपीएम (धुराच्या संयुगांचं दशलक्षांशातलं प्रमाण) बाटलीतल्या व्हिस्कीचे नसतात, माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचे असतात. डिस्टिलेशन आणि पिंपातली वर्षं यांत बरंच गळतं. लागावुलिन आणि कलीला या दोन आयला व्हिस्कींच्या माल्टचे आकडे जवळपास सारखेच, पण ग्लासात एक जड आणि एक सडपातळ. तेव्हा "५५ पीपीएमची चव आली" असं लिहिणाऱ्याला जिभेने आलेली चव कमी आणि डोळ्यांनी वाचलेली जास्त.

मोजून_मापून

मग दोन ग्लास घ्या ना. एकाच बाटलीतून २०-२० मिली, ट्युलिपच्या आकाराचे सारखे ग्लास, दोन्ही झाकलेले. एकात पाणी, ड्रॉपरने नाही, ५ मिलीच्या सिरिंजने मोजून. पाणी व्हिस्कीच्याच तापमानाचं, १८ ते २० अंश. पाणी पडताच लगेच हुंगू नका. दोन्ही मिसळताना थोडी उष्णता सुटते, त्यात अल्कोहोलचा भपका पुन्हा वर येतो. तीन ते पाच मिनिटं झाकून ठेवा. पाणी क्लोरीनचं नको. आयलाच्या व्हिस्कीत तर नकोच, कारण औषधी वास माल्टमधून आला की नळातून, हे मग कुणाला सांगता येणार नाही. फार क्षाराचं पाणीही टाळा, कमी खनिजांचं सर्वांत बरं.

आधी नीटचा ग्लास, दोन छोटे घोट. पहिल्या घोटावर काहीच लिहायचं नाही, तो तोंड तयार करायला.

जळकं_ओक

सगळे स्कॉचवरच बोलताय. बर्बनचं, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीचं गणित वेगळं आहे. निदान ५१ टक्के मका, आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप, आणि पिंपात भरताना जास्तीत जास्त ६२.५ टक्के. पिंप कोरं म्हटल्यावर व्हॅनिला आणि नारळासारखा वास भरपूर उतरतो, तो पाण्यानेही सहज हटत नाही. ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१ ही बर्बन घ्या, ३० मिलीत ५ मिली पाणी घाला. ४३ वर येऊनही तिचा कॅरमल आणि मिरी जागच्या जागी. तेच पाणी ४० टक्क्यांच्या हलक्या आयरिश ब्लेंडमध्ये घाला, काय उरतं ते बघा. म्हणून सरसकट नियम नको. बर्फावर मात्र एकमत व्हावं: थंडीने वास दबतो आणि बर्फ वितळत राहतो, म्हणजे प्रत्येक घोट वेगळ्या टक्केवारीचा. ती नोंद नेमकी कशाची?

घोटभर_नीट

बर्फावर एकमत. बाकीवर नाही. ग्लेनफारक्लास १०५ सारख्या ६० टक्क्यांच्या व्हिस्कीचं मी सोडून देतो, तिथे मोजून पाणी घाला आणि तसं लिहा. पण ४० ते ४६ मधल्या व्हिस्कीला पाणी घालून आलेलं मत मुख्य मत म्हणून मला चालणार नाही. आणि पाण्याने फरक पडतो असं म्हणणाऱ्यांनी तो आधी न बघता ओळखून दाखवावा. गडद रंगाचे तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगा. सहापैकी पाच वेळा अचूक आलं तर मानतो, नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. चार वेळा आलं तर ती शक्यता दहा टक्के, तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

मेणचट

चाचणीला एक चांगला विषय सुचवतो: रेडब्रेस्ट १२ ही आयरिश व्हिस्की. साधी ४० टक्के, आणि तिचीच कास्क स्ट्रेंथ. कास्क स्ट्रेंथ ५७.५ ची असेल तर ३० मिलीत १३ मिली पाणी घालून ४० वर आणा आणि साधीशेजारी ठेवा. कच्च्या बार्लीचा तो तेलकट मसालेदारपणा कुठे जास्त टिकतो ते लिहा. माझा अंदाज, पाणी घातलेली कास्क स्ट्रेंथ जड लागेल, कारण ती चिल-फिल्टर केलेली नसते.

मोजून_मापून

पण त्यातून पाण्याबद्दल काही कळणार नाही. पिंपं वेगळी, बॅच वेगळी, फिल्टर वेगळा, तीन गोष्टी एकदम बदलल्या. पाण्याचा परिणाम बघायचा तर बाटली एकच हवी.

मेणचट

पाण्याचा नाही, मला फिल्टरचाच बघायचा आहे. ४० टक्क्यांच्या बाटलीत जे हरवलेलं असतं त्याचा दोष सगळे पाण्यावर ढकलतात.