जलाशयातील मासे ध्वनीने मोजता येतील का?

हिडकलकाठ

नमस्कार. हुक्केरी तालुक्यातील आमची मच्छीमार सहकारी संस्था हिडकल जलाशयात कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सोडते. पण त्यांतली किती जगली, हे जाळ्यात आलेल्या मासळीवरून अंदाजानेच ठरवावे लागते. जाळ्याच्या आसाप्रमाणे, म्हणजे भोकांच्या आकाराप्रमाणे, ठरावीक आकाराचेच मासे अडकत असल्याने तो अंदाज भरवशाचा नसतो. संस्थेतील तरुणांनी आता हौशी गळवाले वापरतात तसले ‘फिश फाइंडर’ यंत्र आणले असून, होडी फिरवताना त्याच्या पडद्यावर कमानीसारख्या खुणा उमटतात. त्या मोजून मासे किती आणि केवढे आहेत, हे सांगता येईल का? शिवाय, या आवाजाने मासे बुजतील किंवा त्यांना इजा होईल, अशी शंका वयस्कर सभासद घेतात.

प्रतिध्वनी

नुसत्या कमानी मोजून संख्या निघत नाही. यंत्र ध्वनीचा छोटा स्पंद पाण्यात सोडते आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १४९७ मीटर जातो, त्यामुळे १० मीटर खोलीवरच्या माशाचा प्रतिध्वनी साधारण १३ मिलिसेकंदांत पोहोचतो. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. मासा त्याच्या कडेला असताना अंतर जास्त आणि मधोमध आल्यावर कमी भरते, म्हणून कमान उमटते.

मेख या शंकूतच आहे. २० अंशांच्या शंकूचा व्यास २ मीटर खोलीवर जेमतेम ७० सेंटीमीटर, तर १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर असतो. साहजिकच, दोन्ही थरांत मासे सारखेच असले तरी खालच्या थरात कमानी कितीतरी जास्त दिसतात. त्यामुळे प्रत्येक थरात किती घनमीटर पाणी तपासले गेले, हे आधी काढून मग दर घनमीटरमागे किती मासे, अशी घनता मांडावी लागते.

आकाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. माशाकडून परतणाऱ्या ध्वनीपैकी बहुतांश ध्वनी त्याच्या वाताशयातील (पोटातल्या हवेच्या पिशवीतील) हवेमुळे परततो. रिचर्ड लव्ह यांनी १९७७ साली मांडलेल्या सूत्रानुसार, १२० किलोहर्ट्झ वारंवारतेला १० सेंटीमीटर लांबीच्या माशाच्या प्रतिध्वनीचे बळ सुमारे उणे ४५ डेसिबल, तर ४० सेंटीमीटरच्या माशाचे सुमारे उणे ३३ डेसिबल येते (उणे आकडा जितका लहान, तितका प्रतिध्वनी जोरदार). मात्र तोच मासा तिरपा पोहत असला की हे बळ घटते, म्हणून एकेका माशापेक्षा शेकडो प्रतिध्वनींच्या एकत्रित वाटणीवर विसंबावे. लहान मासा झोताच्या मध्यावर आणि मोठा मासा कडेला असेल, तर साध्या यंत्राला दोन्ही सारखेच भासतात. विभाजित झोताचे शास्त्रीय यंत्र माशाची झोतातील जागा ओळखून ही दुरुस्ती करते आणि टंगस्टन कार्बाइडच्या प्रमाणित गोळीचा प्रतिध्वनी घेऊन ते जुळवून घेता येते.

खानापूरवासी

सभासदांच्या शंकेचे उत्तर मी देतो. कार्प कुळातील माशांमध्ये वाताशय आणि अंतःकर्ण यांना जोडणारी वेबरची हाडे असतात, म्हणून त्यांचे कान बरेच तीक्ष्ण असतात. तरीही त्यांची मर्यादा काही हजार हर्ट्झपाशी संपते. यंत्राचा ध्वनी १,२०,००० किंवा २,००,००० हर्ट्झचा असल्याने तो कटल्याला किंवा रोहूला ऐकूच येत नाही. बुजवतो तो इंजिनाचा आवाज. होडी सावकाश आणि एकाच वेगाने चालवावी.

दूधगंगाकाठ

दोन मर्यादा जोडतो. ध्वनीवरून जात कळत नाही. कटला आणि तेवढीच चिलापी यांचे प्रतिध्वनी वेगळे काढणे जवळपास अशक्य आहे. तसेच तळाला चिकटून राहणाऱ्या माशांचा प्रतिध्वनी तळाच्याच प्रतिध्वनीत मिसळतो. आमच्या नदीसारख्या उथळ पाण्यात तर यंत्र आडवे धरावे लागते. गढूळपणाची मात्र चिंता नको, कारण जिथे कॅमेरा निकामी ठरतो तिथेही ध्वनी पोहोचतो. खळाळामुळे पाण्यात मिसळलेले हवेचे बुडबुडे तेवढे त्याला अडवतात.

हिडकलकाठ

मनापासून आभार. मग पाहणी कधी आणि कशी करावी?

प्रतिध्वनी

रात्री करावी. दिवसा थव्याने राहणारे मासे अंधारात विखुरतात आणि वेगवेगळे मोजता येतात. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असताना बरेच मासे काठच्या नव्याने बुडालेल्या उथळ भागात शिरतात, जिथे खाली रोखलेला झोत काहीच टिपत नाही. त्यामुळे पाणी थोडे उतरल्यावर, हिवाळ्यात, हे काम घ्यावे असे माझे मत आहे. होडीच्या एकूण वाटेची लांबी भागिले क्षेत्रफळाचे वर्गमूळ, हे गुणोत्तर निदान ३ आणि शक्यतो ६ असावे, म्हणजे १६ चौरस किलोमीटरच्या भागासाठी २४ किलोमीटरची नागमोडी वाट. कुजणाऱ्या गाळातून वर येणारे वायूचे बुडबुडेही माशांसारखेच दिसतात, पण त्यांची रेघ सतत वर चढत जाते, यावरून ते वगळावेत.

त्याच आठवड्यात वेगवेगळ्या आसांची तंगूसाची जाळी निरनिराळ्या खोलीवर लावून जातींचे प्रमाण काढावे आणि ध्वनीने मिळालेली घनता त्या प्रमाणात वाटून घ्यावी. आपल्याकडील यंत्राने खरी संख्या मिळणार नसली, तरी त्याच मांडणीने, त्याच वाटेवरून, दरवर्षी त्याच महिन्यात पाहणी केल्यास मोकळ्या पाण्यातली मासळी वाढते आहे की घटते आहे, हे संस्थेला कळू शकेल.